राणीच्या बागेत एक दिवस: पेंग्विन आधी उरका, मग झाडांकडे वळा

भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय बघितलं? पेंग्विन, वाघ आणि गर्दी. बहुतेक याच क्रमाने. ज्या झाडांखाली उभं राहून वाघाची वाट पाहिली ती झाडं कुणाच्या यादीत नसतात. बाग मुळात झाडांची आहे, प्राणी तिथे मागाहून आले. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची शिवडीची बाग भायखळ्याला हलवली गेली आणि १८६२ च्या नोव्हेंबरात लेडी फ्रिअर (तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी) यांच्या हस्ते नवीन बागेचं उद्घाटन झालं. नाव ठेवलं व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणून आपल्या तोंडी राणीची बाग. १९६९ साली तिचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, तरी भायखळ्याला कंडक्टर अजून ‘राणीबाग’ असंच ओरडतो. साधारण ५३ एकरांत तीन हजारांहून जास्त वृक्ष आहेत आणि त्यांच्या जाती पावणेतीनशेच्या पुढे जातात. मुंबईत एवढ्या जातींची एवढी जुनी झाडं एका कुंपणात दुसरीकडे बघायला मिळत नाहीत.

म्हणून आमचं मत सरळ आहे. तिकिटाच्या मानाने ही जागा शहरातल्या कुठल्याही मॉलपेक्षा दहा पट वसूल होते, पण दिवसाचा क्रम चुकला तर हाती लागते फक्त पायपीट. प्राणी सकाळी बघायचे आणि झाडं दुपारी. बहुतेक लोक अकरा-साडेअकराला पोचतात, ऊन डोक्यावर घेऊन पिंजऱ्यापुढे उभे राहतात, झोपलेला वाघ बघतात आणि ‘काही नाही तिथे’ म्हणत परत येतात.

आधी व्यवहाराचं. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. हे माहीत नसल्यामुळे गुरुवारी फाटकावरून मागे फिरणारी मंडळी दर सणाला दिसतात. सर्वसामान्यांसाठी सकाळी साडेनऊला उघडते, संध्याकाळी सहाला रिकामी करतात, तिकीटखिडकी त्याआधी पाऊण तास तरी बंद होते. त्यामुळे ‘चारनंतर जाऊ, ऊन उतरल्यावर’ हा बेत कागदावरच चांगला दिसतो. पाचला आत शिरलेल्या माणसाच्या हातात जेमतेम अर्धा तास उरतो आणि शिट्ट्या वाजायला लागतात.

तिकिटाचे दर २०१७ साली वाढले: मोठ्यांना ५० रुपये, लहान मुलांना २५, आणि आईवडील व दोन मुलं अशा चौघांना मिळून १००. सुटी तिकिटं काढली तर हेच चौघांचे १५० होतात, म्हणून खिडकीवर पोचण्याआधी चौघं एकत्र असा. एक जण रांगेत आणि तिघं रस्त्यापलीकडे लिंबूसरबत पीत, असं झालं की घोळ होतो. त्याआधी मोठ्यांना पाच आणि मुलांना दोन रुपये होते. दर वाढले तेव्हा बराच आरडाओरडा झाला, पण आजही सिनेमाच्या एका तिकिटात अख्खं कुटुंब आत जातं. पेंग्विनचं वेगळं तिकीट नाही, सगळं याच पैशांत. महापालिकेने ऑनलाइन तिकिटाची सोयही केली आहे. रविवारी ती नक्की वापरा, कारण तिकिटाची रांग आणि आत शिरण्याची रांग वेगवेगळी असते आणि पहिली वाचली तरी पुष्कळ.

रविवारची गर्दी किती? १ जानेवारी २०२३ रोजी एकाच दिवसात ३२ हजारांवर माणसं आत आली होती. नाताळ ते नववर्ष, दिवाळीची सुट्टी आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार हे दिवस टाळाच. मंगळवार किंवा शुक्रवार सगळ्यात मोकळा. हिवाळ्यात शाळांच्या सहली कामाच्या दिवशी येतात, पण त्या बहुतेक अकरा ते दोनच्या दरम्यान असतात आणि प्राण्यांच्या रस्त्यानेच फिरतात. झाडांच्या बाजूला पोरं फिरकत नाहीत, बाईंनी ओरडून बोलावलं तरी.

यायचं तर लोकलने. मध्य रेल्वेवर भायखळ्याला जलद गाड्याही थांबतात. पूर्वेला उतरून चालत दहा-पंधरा मिनिटं. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलावी. गाडी घेऊन आलात तर पार्किंगमध्ये अर्धा तास घालवायची तयारी ठेवा. भायखळा स्टेशनची जुनी इमारतसुद्धा निवांत बघण्यासारखी आहे. तिच्या दुरुस्तीच्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

बरोबर काय घ्यायचं? पायात बूट, कारण पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर चप्पल घसरते आणि उन्हाळ्यात दिवसभराची चाल तीन-चार किलोमीटर सहज होते. पाणी स्टीलच्या बाटलीत. प्लास्टिकच्या पिशव्या दारावर अडवतात, म्हणून कापडी पिशवी. डासांचं मलम, विशेषतः ऑगस्ट ते नोव्हेंबर. जमलं तर छोटी दुर्बीण, आठ बाय चाळीसच्या आसपासची. वाघासाठी तिची गरज नाही, झाडाच्या शेंड्यावरच्या फुलासाठी आहे.

साडेनऊला आत शिरलात की पहिला मोर्चा पेंग्विनकडे. मधे कुठेही थांबू नका, हत्तीजवळही नाही. दहा-सव्वादहापर्यंत काचेसमोर सुखाने उभं राहता येतं, अकरानंतर मागची माणसं पुढे ढकलतात आणि सुरक्षारक्षक ‘चला, पुढे चला’ म्हणत राहतो.

हे हम्बोल्ट पेंग्विन. बर्फाशी यांचा काही संबंध नाही. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, कोरड्या खडकाळ जागी राहणारा हा पक्षी आहे. त्या किनाऱ्याने वाहणारा समुद्राचा प्रवाह थंड असतो, म्हणून इथे कक्षाचं तापमान १६ ते १८ अंशांवर ठेवतात. ‘एवढ्याशा थंडीत पेंग्विन कसे जगतात’ हा प्रश्न दर पाचव्या माणसाच्या तोंडी असतो, त्याचं उत्तर एवढंच. पहिले आठ २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आले, त्यातला एक त्याच वर्षी गेला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये कक्ष लोकांसाठी उघडला. पुढे इथेच पिल्लं झाली आणि कळप वाढत गेला.

बघायचं कसं? छातीवरची काळी पट्टी बघा, तिच्या खाली पांढऱ्या पोटावर जे काळे ठिपके असतात त्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. पाच मिनिटं दोन पक्ष्यांवर नजर ठेवली तर ते ओळखता येतात. पंखावर रंगीत पट्ट्या बांधलेल्या असतात, त्या कर्मचाऱ्यांच्या ओळखीसाठी. एखादा पेंग्विन पिसं उपटल्यासारखा, मरगळलेला कोपऱ्यात उभा दिसला तर तो आजारी आहे असं समजून मुलांना घाबरवू नका. वर्षातून एकदा यांची सगळी पिसं एकदम बदलतात. जुनी गळून नवी पुरती येईपर्यंत अंगावर पाणी रोखणारं आवरण नसतं, म्हणून तो दोन-तीन आठवडे पाण्यात उतरत नाही. पाण्याखालचा भाग दिसणारी काच मुलांच्या उंचीला बरोबर आहे. जमिनीवर फेंगडा चालणारा हा पक्षी पाण्यात गोळीसारखा सुटतो, तो फरक पाहण्यासाठी दहा मिनिटं त्या एकाच काचेला चिकटून राहा.

फोटोचं एक तंत्र, इथेही आणि वाघाकडेही: फ्लॅश बंद, मोबाइलची लेन्स काचेला अलगद टेकवून धरायची, आणि अंगात गडद रंगाचा शर्ट. पांढरा शर्ट घातलेल्या माणसाच्या फोटोत पेंग्विनपेक्षा तो स्वतःच जास्त दिसतो. आणि काचेवर बोटांनी टकटक करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ ‘जे’ कलमाने प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं, आवाजाने त्रास देणं आणि कचरा टाकणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. हे कलम मुलांना सांगण्याची गरज पडत नाही, बापांना पडते.

तिथून वाघाकडे, साडेदहाच्या आत. वाघांची जोडी २०२० च्या सुरुवातीला औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आणली, त्यानंतर इथे बछडेही झाले. मोठी काच, आत झाडोरा आणि पाण्याचं डबकं असं हे आवार आहे. जुन्या लोखंडी पिंजऱ्यांशी त्याची तुलनाच नको. पण त्यामुळेच वाघ दिसेलच असं नाही, त्याला लपायला जागा आहे, आणि ती असायलाच हवी. सकाळी लवकर तो हद्दीने फेऱ्या मारतो, झाडाच्या बुंध्यावर शेपटी उचलून फवारा सोडतो. दुपारी झोप किंवा पाण्यात बैठक. परत हालचाल साडेचारनंतर. सकाळी चुकला तर संध्याकाळी जाताना पुन्हा एक चक्कर मारा, बारा वाजता काचेपुढे अर्धा तास आरडाओरडा करून तो उठत नाही.

अस्वल, तरस, बिबट्या, हरणं हे सगळं वाटेत येतं, त्यावर फार वेळ घालवायला नको. तरसाकडे मात्र दोन मिनिटं थांबा. पाठ उतरती, पुढचे पाय उंच. ‘असं वाकडं का’ या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे: मान-खांद्यांचा तो जोर जड हाडं-सांगाडा ओढून नेण्यासाठी असतो. पाणघोड्याचं पाणी गढूळ, हिरवट दिसतं; तो त्यातच शेण टाकतो, म्हणून रोज बदललं तरी दुपारपर्यंत तसंच होतं. पाण्यावर दोन कान, दोन डोळे आणि नाकपुड्या एवढंच बराच वेळ दिसतं. मिनिटभराने नाकपुड्या उघडून जोराचा फुस्कारा येतो, पहिल्या ओळीतली मुलं दचकतात.

मगर आणि सुसर यांच्या तलावाला पाण्याखालून बघता येईल अशी काच आहे. ही जागा आम्हाला वाघापेक्षा जास्त आवडते, कारण इथे दुपारीही बघायला मिळतं. सुसरीचा जबडा लांब, निमुळता, मासे पकडण्यासाठी, मगरीचा रुंद. पूर्ण वाढलेल्या नर सुसरीच्या नाकाच्या टोकाला मडक्यासारखा गोळा येतो, तिचं ‘घडियाल’ हे हिंदी नाव त्याच घड्यावरून. काठावर तोंड उघडं ठेवून पडलेली मगर हल्ल्याच्या तयारीत नसते, अंगातली उष्णता बाहेर टाकत असते.

पक्ष्यांचा मोठा पिंजरा असा आहे की माणूसच त्याच्या आत चालतो. दोन दारं आहेत, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. घाई करणाऱ्यामुळे पक्षी बाहेर जाऊ शकतो. डोक्यावर टोपी असलेली बरी, कारण करकोचे आणि बगळे बरोबर वाटेवरच्या फांदीवर बसतात. आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही असं वाटतं. थांबलात की एकेक पक्षी फांद्यांतून सुटा होतो.

आता बारा वाजले. इथून पुढे झाडं. उन्हाची वेळ झाडांनाच द्यायची, कारण सावली त्यांच्याचकडे आहे आणि ती झोपत नाहीत.

गोरखचिंचेपासून सुरू करा. ती चुकणं शक्य नाही: अवाढव्य, गुळगुळीत राखाडी बुंधा, वर गेल्यावर एकदम आखडत्या फांद्या, हत्तीचा पाय जमिनीत रोवल्यासारखी. मूळची आफ्रिकेची, पण आपल्याकडे इतक्या शतकांपूर्वी आली की गोरखनाथांच्या नावाने ओळखली जाते. पानं हाताच्या पंजासारखी, एका पानात पाच ते सात छोटी पानं, म्हणजे पर्णिका. थंडीच्या शेवटी ती गळतात आणि उन्हाळाभर झाड नागवं उभं राहतं. तेव्हा लोकांना वाटतं वाळलं. लाकूड मऊ, स्पंजासारखं, पाणी धरणारं, त्यामुळे याच्या आतल्या वर्षवलयांवरून वय सांगणं अवघड असतं. ‘हजार वर्षांचं झाड’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर मान डोलवा आणि पुढे चला. फूल बघायचं तर जून-जुलै. लांब देठावर पांढरं, तळहाताएवढं फूल उलटं लोंबतं, संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं त्याच्याकडे येतात आणि सकाळी ते तपकिरी पडून खाली पडतं. बाग सहाला बंद होते म्हणजे उमललेलं ताजं फूल आपल्या नशिबी नाही. बुंध्याखाली बघा, पडलेलं मिळेल. त्याला नासक्या भाजीसारखा वास येतो. तो वटवाघळांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

दुसरं झाड कैलासपती. दक्षिण अमेरिकेचं, पण कुणालाही विचारा, शंकराचं म्हणून सांगतील. फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, बुंध्यातूनच दोरखंडासारख्या लोंबत्या काड्या फुटतात आणि त्यांवर येतात. पडलेलं एक ताजं फूल उचलून हातावर घ्या. सहा जाड पाकळ्या, बाहेरून पिवळसर, आतून गुलाबी-लाल. मधे केसरांचं एक गोल वर्तुळ, त्याच्या मधोमध बीजांडकोश, आणि वर्तुळाच्या एका कडेपासून निघून वर वळलेला, नागाच्या फण्यासारखा, झालर लावलेला पदर. त्या फण्याखालची पिंड बघितली की नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. आता नखाने दोन्हीकडचे केसर हलवून बघा. वर्तुळातले आखूड, फण्यावरचे लांब. प्रजननाचे परागकण खालच्या वर्तुळात असतात. फण्यावरचे परागकण मोठ्या भुंग्यांना खायला ठेवलेले. फुलात मध नाही. भुंगा फण्याकडे खायला घुसतो तेव्हा त्याच्या पाठीला वर्तुळातले परागकण घासतात आणि तो ते दुसऱ्या फुलावर नेतो. एवढी सगळी रचना बोटाएवढ्या जागेत. वास गोड, सकाळी तीव्र, दुपारी विरळ.

आणि याच झाडाचा धोका: फळं. तोफगोळ्यासारखी, नारळाहून मोठी, टणक आणि जड, पिकायला वर्षाच्या आसपास लागतं. पडतात तेव्हा फुटतात, आतला गर हवा लागल्यावर निळसर होतो आणि असा घाण वास मारतो की बाजूची बाकं रिकामी होतात. मुलांना बुंध्याखाली बसवून फोटो काढू नका.

तिसरं, उर्वशी. हे झाड बघायला जानेवारी ते मार्चमध्ये खास जावं. मूळचं म्यानमारचं. वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनियल वॉलिक यांनी एकोणिसाव्या शतकात याला लेडी अ‍ॅमहर्स्ट यांचं नाव दिलं. मराठीतलं नाव मात्र जास्त शोभतं. फुलांचा घोस फांदीवरून खाली लोंबतो, हातभर लांब. देठसुद्धा लाल, आणि मधल्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठसा. बी फार क्वचित धरतं, त्यामुळे रोपं बहुतेक गुटी कलमाने करतात आणि म्हणूनच ही झाडं नर्सरीत सहज मिळत नाहीत. दमट हवा, आडोसा आणि ओल लागते. कोवळी पानं तांबूस-तपकिरी, मलूल झाल्यासारखी खाली लटकतात. बहुतेक लोकांना वाटतं झाड सुकतंय. तसं नाही. नवी पालवी आधी लांब होते, हरितद्रव्य आणि ताठपणा मागाहून येतो.

तीच लोंबती पालवी सीता-अशोकालाही येते, आणि इथे एक जुना घोळ निस्तरून घ्या. सोसायटीच्या कुंपणाला जे उंच, मेणबत्तीसारखं सरळ झाड ‘अशोक’ म्हणून लावतात ते अशोक नव्हे, तो आसुपालव. त्याची फुलं हिरवट, नजरेत भरत नाहीत. खरा सीता-अशोक मध्यम उंचीचा, पसरट, आणि फेब्रुवारी ते एप्रिल त्याच्या जुन्या फांद्यांवरसुद्धा केशरी गेंद फुटतात. रंग वयाप्रमाणे बदलतो: आधी पिवळा, मग केशरी, शेवटी लाल. एकाच गेंदात तिन्ही सापडतात. आणि ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच, निदलपुंज, म्हणजे फुलाचं एरवी हिरवं असणारं बाहेरचं आवरण, रंगला आहे. दोन्ही झाडं एकाच दिवशी बघितलीत तर पुन्हा कधी फसणार नाही.

बाकीची झपाट्याने. कृष्णवड शोधा: वडासारखाच, पण प्रत्येक पानाच्या देठाशी खालून वळून द्रोण झालेला. श्रीकृष्णाने लोणी लपवायला पान वळवलं म्हणतात. मुचकुंदाचं पान ताटाएवढं, खालून चंदेरी-तपकिरी लव. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी झाडाखाली केळं सोलल्यासारखी पांढरी फुलं पडलेली असतात, वाळल्यावरही वास राहतो. मेणबत्तीचं झाड अमेरिकेकडचं, बुंध्यालाच पिवळ्या मेणबत्त्या लटकाव्यात तशी फळं. ब्राउनियाचे लाल गोळे पानांच्या आत दडलेले असतात, खाली वाकून वर बघावं लागतं. कोलव्हिलिया सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केशरी होतो, तेव्हा गर्दी नसते आणि हवा दमट, पण तेवढ्यासाठी एक फेरी कारणी लागते. जंगली बदाम फेब्रुवारीत बिनपानांचा फुलतो आणि त्याच्या वासाने लोक इकडेतिकडे गटार शोधतात. वर बघा, गटार फांदीवर आहे.

सगळ्याच झाडांना नावाची पाटी मिळेलच असं नाही, म्हणून वर दिलेल्या नावांतली पाच-सात ठरवूनच जा. सगळं बघायचं म्हणाल तर काहीच लक्षात राहत नाही. मुलांबरोबर असाल तर प्रत्येकाला एक झाड वाटून द्या: बुंध्याची साल कशी, फूल कुठून फुटतं, खाली काय पडलंय. पडलेलं उचलावं, झाडावरचं तोडू नये.

झाडांवर जे फुकटात राहतात तेही बघा. उंच फांद्यांवर काळ्या पिशव्या टांगल्यासारखी फळं खाणारी मोठी वटवाघळं दिवसभर लटकतात, एकमेकांशी कचकच भांडत, पंखांनी वारा घेत. पुकपुक असा हातोडी मारल्यासारखा एकसुरी आवाज आला तर तो तांबट. वाळक्या फांदीच्या टोकाला शोधा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल. घारी खूप आहेत. उघड्यावर हातात खायचं घेऊन चालू नका, घार मागून येऊन अलगद उचलते आणि नखं बोटाला लागतात. कावळेही त्याच धंद्यात आहेत.

दुपारी तीनच्या सुमारास पाय बोलायला लागतात. तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे. बागेला लागूनच आहे, त्यालाही बुधवारीच सुट्टी. इमारत १८७२ साली लोकांसाठी उघडली, तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. आजचं नाव १९७५ चं. मुंबईचे जुने नकाशे, मातीच्या बाहुल्या, बंदरातल्या होड्यांच्या प्रतिकृती. तासभर पुरतो. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला, तुकडे इथे आणले आणि १९१४ साली परत जोडले. सांधे आजही दिसतात, जवळून बघा. फोर्टातल्या ‘काळा घोडा’ या जागेला नाव देणारा सातव्या एडवर्डचा पुतळाही १९६५ पासून इथेच आहे. काळा घोडा भागात आता उभा आहे तो घोडा नवा, स्वाराविना. मूळचा बघायचा तर भायखळ्याला. दाराशी असलेला घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांचा, १८६५ चा.

कुठे चुकतं, थोडक्यात. पावसाळ्यात, विशेषतः जून-जुलैच्या सोसाट्याच्या दिवशी, जाऊ नये. जुन्या झाडांच्या फांद्या मोडतात आणि वाटा बंद करतात. पण उघडीप मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी बाग सगळ्यात हिरवी. एप्रिल-मेमध्ये फुलं चांगली, ताम्हणही जांभळा होतो, पण वृद्ध मंडळींना दोन तासांपेक्षा जास्त फिरवू नका. ढकलगाडीतल्या बाळाला मुख्य रस्ते सोयीचे आहेत, झाडांमधल्या पायवाटा मुळांमुळे नाहीत. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला महापालिकेचं उद्यानविद्या प्रदर्शन भरतं, ते बघण्यासारखं असतं, मात्र त्या तीन दिवसांत उर्वशीखाली उभं राहायला जागा मिळत नाही. झाडांसाठी एकच दिवस निवडायचा तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यातला मंगळवार.

साडेचारला वाघाची दुसरी फेरी. साडेपाचला शिट्ट्या सुरू होतात, त्या वाजताना पर्जन्यवृक्षाखाली थांबा: पर्णिका जोडीजोडीने मिटायला लागलेल्या असतात, सावली विरळ होते आणि आकाश दिसायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत बाहेर पडून आंबेडकर मार्गावर अजून पाऊण तास काढा. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात वटवाघळं निघतात, आधी एक-दोन, मग रांग लागते, बसच्या टपावरून, पुलाच्या वरून.